जुन्या पद्मिनी मोटारीच्या मागील कमानी

बैलगाडींत पोतीं भरतांना गडी एक गोष्ट सर्वांआधीं पाहतो. भार आंसाच्या फार मागें गेला तर गाडी उलाळ होते व जूं बैलांच्या मानेवरून उचलूं लागतें. फार पुढें आला तर बैलांच्या माना दबतात. हें ज्ञान आपल्याकडे कोणी पुस्तकांतून शिकलेला नाहीं; तें पिढीजात आहे. परंतु तोच शेतकरी मोटार विकत घेतो तेव्हां हें ज्ञान जणूं गोठ्यांतच ठेवून येतो, आणि मोटारीच्या पाठीमागील पेटींत मावेल तितका माल कोंबतो. प्रस्तुत लेखकाच्या घरींही वर्षानुवर्षें हेंच चाललें होतें, आणि त्याचें प्रायश्चित्त गेल्या वैशाखांत माळशेज घाटांत घ्यावें लागलें. त्या प्रसंगापासून जें शिकावयास मिळालें तें समव्यवसायी बंधूंच्या उपयोगीं पडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची मोटार प्रीमियर पद्मिनी असून १९८६ सालची आहे. वडिलांनीं ती कांद्याच्या पैशांतून घेतली. जुन्नर तालुक्यांतील आमच्या गांवाहून ओतूर, नारायणगांव व क्वचित् मुंबई, असा तिचा नेहमींचा प्रवास. माणसांबरोबर बियाणें, खताच्या गोण्या, औषधांचे डबे व बाजारचा माल हींही तिनें वाहिलीं. मागील बाजू खचूं लागली तेव्हां वडिलांनीं दोन्ही कमानींत एकेक जादा पाटा घालून घेतला. पुढें डाव्या बाजूची कमान अगदींच बसली. खर्च वांचविण्याच्या हेतूनें तेवढी एकच बदलावी असें आम्हींच तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यास सांगितलें, व त्यानेंही ना म्हटलें नाहीं. दोन्ही शॉक मात्र नवे घातले. खर्च झाला, गाडी थोडी वर उचलली, आणि आम्ही निश्चिंत झालों.

वैशाखांत लालबाग येथें मामांकडे लग्न होतें. गाडींत पांच माणसें, मागील पेटींत तांदळाचें एक व कांद्याचीं दोन पोतीं, अशी आम्ही घाट उतरूं लागलों. एका वळणावर मागून "कट्" असा आवाज झाला, गाडी उजवीकडे बसली आणि तिचें ढुंगण रस्त्याच्या कडेकडे सरकलें. वेग थोडा होता म्हणून आम्ही वांचलों. खालीं वांकून पाहिलें तों उजव्या कमानीचा मुख्य पाटा पुढील टोंकाशीं तुटलेला, आणि आंस त्या बाजूस चार बोटें मागें गेलेला दिसला. माणसें एस. टी. नें पुढें गेलीं, व मोटार दुसऱ्या दिवशीं मालमोटारीवर चढवून लालबागेस आणली.

ही मोटार आणि मुंबई शहर

मोटार गांवीं न नेतां मुंबईसच कां आणली, याचें कारण सांगणें जरूर आहे. वालचंद हिराचंद यांचें नांव आपल्या वाचकांस रावळगांव व वालचंदनगर येथील ऊंस-साखरेमुळें परिचित आहे. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेल्या या उद्योजकानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ सालीं अमेरिकन मोटारी जुळविण्यास आरंभ झाला. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं सहकार्य होऊन फियाट ११०० ही गाडी तेथें होऊं लागली. १९६४ सालीं तिचें 'डिलाइट' हें रूप आलें, आणि १९७० नंतरच्या दशकांत इटालियन नांव गळून तीच गाडी प्रथम 'प्रेसिडेंट' व नंतर 'पद्मिनी' या नांवानें विकली जाऊं लागली. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन बंद पडलें.

या गाडीचा खरा संसार मुंबईच्या टॅक्सींत झाला. काळ्या-पिवळ्या रंगाच्या हजारों पद्मिनी गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील रस्त्यांवर अहोरात्र धांवत, आणि त्यांची दुरुस्ती गल्लीबोळांतील लहान लहान गॅरेजांत होत असे. एकाच जातीच्या गाडीवर तीस-चाळीस वर्षें हात फिरल्यामुळें तेथील मिस्त्री लोकांस तिचा नटबोल्ट आणि नटबोल्ट पाठ झाला. मुंबईंत टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. त्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली. टॅक्सी गेली म्हणजे सुट्या भागांची मागणी गेली, आणि मागणीबरोबर कारागीरही दुसऱ्या कामास लागतो. ज्या शेतकऱ्याच्या दारांत अद्याप पद्मिनी उभी आहे त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, जाणते हात आहेत तोंवरच तिचें मोठें काम करून घेणें व तें काम स्वतः समजून घेणें श्रेयस्कर होय.

आमच्या मामांनीं स्वतः अनेक वर्षें पद्मिनी टॅक्सी हांकली होती. त्यांनीं आम्हांस आपल्या नेहमींच्या मिस्त्र्यांकडे नेलें. वयोवृद्ध गृहस्थ गाडीखालीं शिरले, विजेरीनें सर्व बाजू पाहिल्या, आणि बाहेर येऊन प्रथम त्यांनीं विचारिलें, "यांत काय काय वाहत होतां?" आम्हीं सांगितलें. मग ते म्हणाले, "शॉक नवे घातलेत, पण शॉक बिचारा काय करणार? ओझें उचलणें हें त्याचें कामच नव्हे." या एका वाक्यांत आमच्या सर्व चुकांचें मूळ होतें.

कमानीचें कार्य व शॉकचें कार्य

पद्मिनीच्या पुढील चाकांस वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. मागें मात्र एकसंध आंस असून तो दोन बाजूंच्या दोन पाट्यांच्या कमानींवर बांधलेला आहे. अशी कमान आपणांस नवी नाहीं. लंडनच्या ओबादाया इलियट यानें १८०४ सालीं घोडागाडीच्या कमानींचा हक्क नोंदविला, आणि तेव्हांपासून बग्गी, टांगा व मोटार यांस तीच युक्ति लागू होत आली. लांब पाट्याखालीं त्याहून आंखूड, त्याखालीं आणखी आंखूड, असे पाटे रचून मध्यें एका बोल्टानें आंवळलेले असतात. भार मध्यावर सर्वांत अधिक पडतो, म्हणून जाडी मध्यावर अधिक व टोंकांकडे कमी.

सर्वांत वरचा तो मुख्य पाटा. त्याचीं दोन्ही टोंकें वळवून गोल केलेलीं असतात. पुढील टोंक एका पिनेनें गाडीच्या अंगास पक्कें जोडलेलें असतें. मागील टोंक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास जोडलेलें असतें. कारण कमान दबली म्हणजे लांब होते, आणि त्या लांबीस जाण्यास जागा हवी. आतां महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ही कमान केवळ भारच वाहते असें नाहीं. मागील चाकें जमिनीस रेटा देतात तो रेटा गाडीस पोंचतो तो याच मुख्य पाट्याच्या पुढील टोंकांतून. ब्रेक दाबला म्हणजे चाकांचा अडवणूक करणारा जोरही त्यांतूनच जातो. म्हणजे बैलगाडीचा आंस आणि जूं यांमधील दांडीचें काम येथें मुख्य पाटा करितो. तो तुटला कीं आंस जागा सोडतो, आणि गाडी आपल्या हातांत राहत नाहीं. घाटांत आमचें जें झालें तें हेंच.

शॉक ॲब्सॉर्बर, ज्यास गॅरेजांत नुसतें शॉक म्हणतात, त्याचें काम निराळें आहे. विहिरीच्या पाण्यांत हात हळूं फिरविला तर विरोध लागत नाहीं, जोरानें फिरविला तर पाणी हात धरून ठेवतें. शॉकच्या नळींत तेल असतें, व दट्ट्यास बारीक भोंकें आणि झडपा असतात. चाक हळूं हळूं वरखालीं झालें तर तेल वाट देतें; एकदम उसळलें तर अडवितें. खड्ड्यांतून निघालेली कमान झोपाळ्याप्रमाणें पुनः पुन्हां हेलकावे घेऊं पाहते, तिला पहिल्या एक-दोन हेलकाव्यांतच स्थिर करणें एवढेंच शॉकचें काम. गाडी उभी असतां शॉक कांहींएक भार उचलीत नाहीं. खचलेली गाडी नव्या शॉकनें वर येणार नाहीं, आणि उसळणारी गाडी नव्या कमानीनें शांत होणार नाहीं. आमच्या गाडीस डावीकडे जी थोडी उंची आली ती नव्या कमानीची होती, नव्या शॉकची नव्हती. आम्हीं मात्र दोहोंचें श्रेय शॉकला दिलें.

जादा पाट्याचा दोषही येथेंच कळतो. पाटा वाढविला कीं कमान ताठ होते. रिकाम्या गाडींत ती लवतच नाहीं, मग प्रत्येक धक्का सरळ गाडीच्या पत्र्यावर जातो. आणि भरलेली ताठ कमान जेव्हां उलटून उसळते तेव्हां तिला आवरण्याचें बळ मूळच्या शॉकमध्यें नसतें. मामा म्हणाले, "अरे, आम्ही चार उतारू आणि टपावर सामान घेऊन दिवसभर फिरत होतों, पण कमानीस हात लावला नाहीं." टपावरील सामान दोन्ही आंसांच्या मध्यें राहतें. मागील पेटी आंसाच्या पाठीमागें असल्यामुळें तिच्यांतील एक मण मागील कमानींवर एक मणाहून अधिक जड होतो, व तितकीच पुढील चाकें हलकीं होतात. हेंच उलाळ होणें. मागून दबलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, सुकाणूं सैल वाटतें, आणि पुढील ब्रेक नीट धरीत नाहींत.

दोष कोठें आहे हें ओळखण्याच्या खुणा

खर्च करण्यापूर्वीं पुढील परीक्षा प्रत्येकानें घरींच करून पाहाव्या.

(१) सपाट जमिनीवर गाडी रिकामी उभी करावी, चारी चाकांत हवा योग्य ठेवावी, आणि मागील चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. दोहोंत बोटाहून अधिक फरक असल्यास कमान बसली आहे किंवा तिचा पाटा तुटला आहे असें समजावें.

(२) मागील कोपरा अंगाच्या भारानें जोरानें दाबून सोडावा. गाडी एकदां वर येऊन थांबली तर शॉक ठीक. दोन-तीन वेळां हिंदकळली तर शॉक गेला. शॉकच्या नळीवर तेलाचा ओला डाग धूळ धरून बसलेला दिसला तर परीक्षेचीही गरज नाहीं.

(३) टायरवर ठिकठिकाणीं वाटीसारखे खोलगट झिजलेले भाग दिसले, तर चाक जमिनीवर नाचत आहे व शॉक कुचकामी झाला आहे असें समजावें. नाचणारें चाक ब्रेक लावतांना जमीन सोडतें, व गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें.

(४) पाटे एकमेकांवरून बाजूस सरकलेले, मधून लाल गंज गळत असलेला, किंवा आंस बांधणारे यू बोल्ट सैल झाल्यामुळें त्यांखालीं चकचकीत घांसलेली जागा दिसली, तर गाडी लांबच्या प्रवासास नेऊं नये.

(५) शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, व तीच बहुधा कोणी करीत नाहीं. कमान ज्या ठिकाणीं गाडीच्या अंगास जोडलेली असते तेथील पत्रा पेचकसाच्या टोंकानें टोंचून पाहावा. पद्मिनीस निराळा लोखंडी सांगाडा नाहीं. अंगाचा पत्राच सांगाड्याचें काम करितो. तो कुजला असल्यास नवी कमान बसविणें म्हणजे वाळवी लागलेल्या खांबावर नवी तुळई ठेवणें होय.

आमच्या गाडींत याच परीक्षेनें खरें पाप उघडकीस आणलें. मिस्त्र्यांनीं उजव्या कमानीच्या पुढील जोडाजवळ पेचकस टेंकविला तो आरपार गेला. मुंबईच्या खाऱ्या हवेनें आणि पावसाळ्यांत हिंदमाता-परळच्या तुंबलेल्या पाण्यानें टॅक्सींचे पत्रे कुजलेले त्यांनीं पुष्कळ पाहिले होते; पण गांवच्या गाडीस एवढा गंज कां, याचें त्यांस नवल वाटलें. कारण आमच्याजवळच होतें. पेटींत वर्षानुवर्षें पोटॅशच्या गोण्या नेल्या, त्यांतील सांडलेलें खत सांदींत साठत गेलें. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे क्षाराचाच प्रकार, व तो लोखंडास समुद्राच्या मिठासारखाच खातो. दमट हवेंत तर अधिकच. खतानें पत्रा खाल्ला, जादा पाट्यानें त्यावर दणके दिले, आणि एकाच बाजूची नवी कमान घातल्यामुळें गाडी उजवीकडे कलून त्या बाजूच्या जुन्या पाट्यावर भार वाढला. दोष एकाचा नव्हता. तिन्ही दोष आमचे होते.

सामान कोठें व कसें पाहून घ्यावें

गिरगांवांत ऑपेरा हाऊसच्या परिसरांत मोटारीच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. कांहीं दुकानांत पद्मिनीचे भाग अद्याप मिळतात. वापरलेलें सामान चोरबाजारांत व कुर्ल्याकडील भंगारवाल्यांकडे सांपडतें. आम्हीं मिस्त्र्यांनाच बरोबर नेलें, व पुढील गोष्टी त्यांच्याकडून शिकलों.

कमानी नेहमीं जोडीनें घ्याव्या. दोन्ही कमानी टोंकास टोंक लावून समोरासमोर धराव्या. मधील पोकळी दोन्हीकडे सारखी असली म्हणजे जोडी जुळली. वापरलेली कमान असल्यास मध्यबोल्टाच्या भोंकाजवळ केसासारखी चीर आहे काय हें रॉकेलनें पुसून, खडू लावून पाहावें. चिरेंतील रॉकेल खडूवर ओल धरून वर येतें. पाटे ठोकून पुन्हां वांक देणारे कारागीर सर्वत्र आहेत. परंतु आपला लोहार विळ्यास पाणी देतो तेव्हां जें करितो, तेंच या पोलादासही योग्य रीतीनें झालें पाहिजे. नुसतें ठोकून दिलेला वांक थोड्याच महिन्यांत बसतो, आणि भट्टींत मनास येईल तसा तापविलेला पाटा एक तर मऊ पडतो किंवा कांचेसारखा ठिसूळ होतो. कमानीवर वेल्डिंग तर कधींही करूं नये.

शॉकही जोडीनेंच घ्यावे. मूळचा शॉक पूर्ण दाबला असतां व पूर्ण ओढला असतां जी लांबी असते, तीच नव्याचीही असली पाहिजे. दुसऱ्या गाडीचा आंखूड शॉक बसविला तर चाक खालीं जातांना तोच ताणला जाऊन तुटतो. दुकानांत अनेक वर्षें पडून असलेला नवा शॉक उभा धरून दहा-बारा वेळां पूर्ण वरखालीं करावा. हालचाल सर्वत्र सारखी जड लागली आणि दांड्याजवळ तेल आलें नाहीं तर घ्यावा. रबरी बुश नखानें दाबून पाहावेत. बारीक भेगा दिसल्या तर कितीही स्वस्त असले तरी टाकून द्यावेत. यू बोल्ट आणि त्यांचे नट नवेच हवेत. ते एकदां ताणले कीं त्यांची पकड गेलेली असते, आणि चार बोल्टांची काटकसर करून आंस सैल ठेवणें हें शहाणपण नव्हे.

कामाचा क्रम

आमच्या गाडीस पत्र्याच्या कामासह चार दिवस लागले. ज्यांचा पत्रा शाबूत आहे त्यांचें काम एका दिवसांत होण्यासारखें आहे. हें काम गांवच्या गॅरेजांत करून घेतांना मालकानें जवळ उभें राहून पुढील क्रम पाळला जातो कीं नाहीं हें पाहावें.

आदल्या दिवशीं सर्व नटबोल्टांस गंज सोडविणारें तेल पाजावें. कामाच्या दिवशीं पुढील चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड किंवा लांकडी ठोकळे लावावे, मागील चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे, आणि मग जॅकनें मागील बाजू उचलावी. गाडीचें अंग कमानीच्या जोडाच्या पुढें मजबूत ठिकाणीं दोन घोड्यांवर टेंकवावें. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं शिरूं नये. पद्मिनीचें वजन सुमारें नऊ क्विंटल आहे. जॅक सरकल्यावर हांक मारण्यासही अवधि मिळत नाहीं. विटा रचून त्यांवर गाडी टेंकविण्याची खेड्यांतील पद्धत तितकीच घातक आहे, कारण वीट भाराखालीं पूर्वसूचना न देतां फुटते.

जॅक आतां आंसाखालीं घ्यावा व त्याचा भार तोलून धरावा. प्रथम शॉकचें खालचें व मग वरचें टोंक सोडवावें. आंस हळूं खालीं घ्यावा. तो खालीं घेतांना ब्रेकच्या रबरी नळीकडे लक्ष ठेवावें. आंस त्या नळीवर लोंबकळला तर नळी आंतून फाटते, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. कमानीवरील ताण गेला म्हणजे यू बोल्ट, मग मागील शॅकल, व शेवटीं पुढील पीन काढावी. जुनी कमान उतरण्यापूर्वीं तिची पुढील बाजू खडूनें खुणावावी. मध्यबोल्टापासून दोन्ही टोंकें सारख्या अंतरावर असतीलच असें नाहीं, आणि कमान उलटी बसली तर आंस जागेवर येत नाहीं.

पत्रा कुजला असेल तर येथेंच थांबून कुजका भाग कापून जाड पत्र्याचा नवा तुकडा जोडावा. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीची तार सोडवावी, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी, व काम पुरें होईपर्यंत नवी कमान जवळ आणूं नये. ठिणग्यांनीं पाट्यावर पडलेला लहानसा डागही पुढें चिरेचें मूळ होतो.

नवी कमान बसवितांना तीन गोष्टी विसरूं नयेत. पहिली, मध्यबोल्टाचें डोकें आंसाच्या बैठकींतील भोंकांत बरोबर बसलें पाहिजे. आंस सरळ राहतो तो त्यामुळेंच. दुसरी, यू बोल्टांचे नट एका बाजूनें न आंवळतां तिरकस आळीपाळीनें थोडे थोडे आंवळावे. तिसरी गोष्ट अत्यंत महत्त्वाची असून ती घाईंत नेहमीं चुकते. कमानीच्या टोंकांतील रबरी बुशांचे बोल्ट गाडी वर उचललेली असतांना शेवटपर्यंत आंवळूं नयेत. ते हातानें लावून ठेवावे, चाकें चढवून गाडी जमिनीवर घ्यावी, तिचा भार कमानींवर पडूं द्यावा, आणि मगच पक्के करावे. लोंबत्या स्थितींत आंवळलेलें रबर गाडी खालीं येतांच पिळलें जातें, आणि एका पावसाळ्यांत फाटून जातें. बुशांस ग्रीस किंवा तेल लावूं नये, त्यानें रबर फुगतें. साबणाचें पाणी पुरे. शॉक बसविण्यापूर्वीं उभा धरून चार-पांच वेळां पूर्ण दाबून ओढावा, म्हणजे आडवा पडून आंत शिरलेली हवा निघून जाते.

काम झाल्यावर आरंभीं केलेलें माप पुन्हां घ्यावें व तें वहींत लिहून ठेवावें. ५०० किलोमीटर गाडी चालल्यावर यू बोल्ट पुन्हां आंवळावे. नवे पाटे एकमेकांवर बसतात तेव्हां हे बोल्ट सैल पडतातच. पुढें दरवर्षीं पावसाळा संपल्यावर कमानींवरील चिखल धुवून काढावा व पाट्यांच्या कडांस ग्रॅफाइटचें ग्रीस लावावें.

ही गाडी ठेवावी काय?

कांहीं वाचक विचारतील कीं, एवढा खटाटोप करण्यापेक्षां गाडी भंगारांत कां घालूं नये? या प्रश्नाचें उत्तर पत्र्यावर अवलंबून आहे. कमानी, शॉक, बुश व बोल्ट हा खर्च एकदां केला कीं अनेक वर्षें पुन्हां करावा लागत नाहीं. परंतु चारी जोडांजवळचा पत्रा कुजला असेल, तर नव्या कमानी घालणें व्यर्थ होय. अशी गाडी मोडींत काढून तिचे चांगले भाग दुसऱ्या पद्मिनीवाल्यास द्यावे. कायद्याकडेही पाहिलें पाहिजे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते, व पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. ती मान मिळवून देणारी असली तरी तशा मोटारी रोजच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहींत. ज्यांस गाडी बाजारास व दवाखान्यास न्यावयाची आहे त्यांनीं साधी नोंदणीच चालूं ठेवावी, आणि तपासणीपूर्वीं वरील पांच परीक्षा स्वतः कराव्या.

आमची गाडी आतां मूळच्याच पाट्यांच्या संख्येवर उभी आहे. जादा पाटे काढून टाकले. तिच्यांतून चार माणसें व हातापुरतें सामान जातें. पोत्यांसाठीं आम्ही शेजाऱ्याच्या टेंपोंत भाडें भरतों, आणि वर्षाअखेर हिशेब केला तर तें भाडें एका तुटलेल्या कमानीहून कमी पडतें. खत तर गाडींत चढवीतच नाहीं. निघतांना मिस्त्र्यांनीं मजुरी घेतली, आणि आमच्या धाकट्या भावास म्हणाले, "पुढच्या वेळीं मी असेन नसेन. तूं गाडीखालीं आला होतास, तूंच करशील." भावानें तेव्हां मान हलविली. दिवाळीनंतर यू बोल्ट आंवळण्याचें काम त्यानें खरोखरच आपल्या हातानें, घरच्या अंगणांत, दोन घोड्या टेंकवून केलें.

तुटलेला मुख्य पाटा आम्हीं गांवीं आणला. गाडींत तो निरुपयोगी झाला होता तरी पोलाद उत्तम होतें. लोहारानें त्याचे दोन कोयते करून दिले, व यंदाचा ऊंस त्यांनींच तोडला.